मे महिन्यात कमी पडणारी पिशवी

रक्तदानाविषयी आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. कायद्यात २०२० पासून ‘रक्तकेंद्र’ हा शब्द आला असला तरी लोकांच्या तोंडी अजून रक्तपेढीच आहे, म्हणून आम्हीही तोच शब्द ठेवला आहे.

प्रश्न : आमचं मंडळ दर वर्षी गणेशोत्सवात रक्तदान शिबिर घेतं. यंदा एका दिवसात ५०० बाटल्यांचा संकल्प आहे. तयारी कशी करावी? (मंडळाचे कार्यकर्ते, सांगली)

शिबिर जरूर घ्या, पण ५०० चा आकडा एका दिवसात गाठू नका. रक्तातल्या तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सियसला, पिशवीतल्या द्रावणानुसार, ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, २० ते २४ अंशांत सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि त्यांची मुदत जेमतेम ५ दिवसांची. गोठवलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, तेवढा वर्षभर राहतो. गणपतीच्या दहा दिवसांत गावातली चार मंडळं शिबिरं घेतात तेव्हा रक्तपेढीची कपाटं भरून जातात. न वापरलेल्या प्लेटलेट्स सहाव्या दिवशी टाकाव्या लागतात आणि महिना-दीड महिन्याने तांबड्या पेशींचीही मुदत सरते. मग दिवाळीची सुट्टी येते, पुढे एप्रिल-मे येतो. कॉलेजं बंद, माणसं गावी, लग्नसराई जोरात, आणि कपाट रिकामं. थॅलेसेमियाच्या, म्हणजे जन्मापासून शरीरात रक्त नीट न बनणाऱ्या, मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. त्याची तारीख पुढे ढकलली की हिमोग्लोबिन उतरतं, मूल जिना चढताना दमतं, शाळा बुडते.

म्हणून ५०० नावांची यादी करा आणि तिचे चार गट पाडा : एक गणपतीत, एक दिवाळीच्या आठवड्यात, एक एप्रिलअखेर, एक मेच्या मध्यावर. प्रत्येक गटाला एक कार्यकर्ता नेमा आणि आठ दिवस आधी फोन करायचं काम त्याच्याकडे द्या. बाकी सगळी धावपळ जमली नाही तरी चालेल, पण मेचा गट सोडू नका.

आता प्रत्यक्ष तयारी. परवानाधारक रक्तपेढीकडे निदान महिनाभर आधी जा आणि दोन गोष्टी विचारा : तुमच्याकडे रक्ताचे हे घटक वेगळे करायची सोय आहे का, आणि त्या आठवड्यात किती पिशव्या खरोखर लागतील? रक्तपेढी जेवढ्या म्हणेल तेवढेच दाते बोलवा. नियमांनुसार सुमारे तीन तासांत ५० ते ७० किंवा पाच तासांत १०० ते १२० दात्यांसाठी ६ ते ८ टेबलं, एक डॉक्टर, दोन परिचारिका, दोन समाजसेवक, तीन तंत्रज्ञ आणि दोन मदतनीस लागतात. याच्या दुप्पट गर्दी झाली की तपासणी घाईत उरकली जाते, आणि चुका तिथेच होतात.

जागा हवेशीर आणि सावलीची घ्या, ध्वनिक्षेपकापासून लांब. डॉक्टरांच्या प्रश्नांसाठी पडदा लावून वेगळा कोपरा ठेवाच. पाठीमागे मित्र उभे असताना ‘कधी कावीळ झाली होती का, नवीन जोडीदाराशी संबंध आला का’ यांची खरी उत्तरं कोणी देत नाही. हेल्मेट, बॅग, मिक्सर अशी भेट ठेवू नका. वस्तूच्या ओढीने माणूस आजार लपवतो, दोन महिन्यांपूर्वी रक्त दिल्याचं लपवतो. चहा, बिस्किटं, प्रमाणपत्र आणि मनापासून दिलेला धन्यवाद पुरेसा आहे.

शेवटचा मुद्दा वाहतुकीचा. प्लेटलेट्स काढायच्या असतील तर रक्त ६ ते ८ तासांत घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर जायला हवं. शिबिर तालुक्याच्या टोकाला असेल तर सगळ्या पिशव्या संध्याकाळी एकदम नेण्यापेक्षा दुपारी एक फेरी पाठवायला सांगा.

प्रश्न : वय २६, वजन ५१ किलो. तीन वेळा गेले, तिन्ही वेळा हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं. शेवटचा आकडा ११.६ होता. मला कधीच रक्त देता येणार नाही का? (एक वाचक, नाशिक)

येईल. हिमोग्लोबिनची किमान मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात १२.५ ग्रॅम आहे आणि ती स्त्री-पुरुष दोघांना सारखीच. अनेक शिबिरांत ही तपासणी मोरचुदाच्या द्रावणाने होते. बोटाला टोचून काढलेला थेंब निळ्या द्रावणात अलगद सोडतात. त्या द्रावणाची घनता अशी बेतलेली असते की १२.५ किंवा त्याहून जास्त हिमोग्लोबिन असलेला थेंब १५ सेकंदांत सरळ तळाला जातो. तो मध्येच रेंगाळला किंवा वर आला तर रक्त घेत नाहीत. बोट जोरात पिळलं तर पेशींबाहेरचं पाणी मिसळून थेंब हलका होतो, म्हणून शंका असेल तर यंत्रावर पुन्हा तपासायला सांगा. हात गार असेल तर आधी चोळून गरम करा.

पण तुमचं तीनदा झालंय, म्हणजे लोह खरोखर कमी असणार. डॉक्टरांकडून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) या तपासण्या करून घ्या. पाळीत जास्त रक्तस्राव होतो का, पोटात जंत आहेत का, हे पाहिल्याशिवाय नुसत्या गोळ्या घेऊन उपयोग नाही. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा, दूध किंवा कॅल्शियमची गोळी यांच्यात आणि तिच्यात दोन तासांचं अंतर ठेवा, कारण चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. जेवणावर लगेच चहा घ्यायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे आणि पालेभाजी, बाजरी, अळीव खाऊनही लोह अंगी लागत नाही त्याचं ते एक मोठं कारण. हिमोग्लोबिन वर आल्यावरही गोळ्या साधारण तीन महिने चालू ठेवतात, कारण साठा भरायला वेळ लागतो.

तुमच्या वजनाला ३५० मिलिलिटरच घेतात. ४५० साठी ५५ किलोंपेक्षा जास्त वजन लागतं, आणि ४५ च्या खाली रक्त घेतच नाहीत. स्त्रियांनी दोन रक्तदानांत १२० दिवस ठेवायचे, पुरुषांनी ९०. पाळीच्या दिवसांत रक्तदान टाळायचं ते आधीच रक्त जात असतं म्हणून. विटाळाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. बाळंतपणानंतर वर्षभर आणि बाळ अंगावर पीत असेतोवर थांबावं.

प्रश्न : रक्त देताना काही झालं नाही, पण बाहेर येऊन गाडीवर बसताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पुन्हा द्यावं का? (एक वाचक, कोल्हापूर)

द्या, पण तयारीने. रक्त दिल्यावर उभं राहिलं की ते पायांत उतरतं, नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. पहिल्यांदा देणारे, कमी वजनाचे, रात्री न झोपलेले आणि उपवासाचे दाते यांना हे जास्त होतं. श्रावणी सोमवार किंवा चतुर्थी असेल तर त्या दिवशी जाऊच नका. देवाला रक्तदान दुसऱ्या दिवशीही चालतं.

दोन-तीन तास आधी पोटभर पण साधं जेवा. खुर्चीवर जायच्या आधी अर्ध्या तासात अर्धा लिटर पाणी प्या. सुई आत असताना मांड्या आणि पोटऱ्या पाच सेकंद आवळा, सोडा, पुन्हा आवळा. रक्त वर ढकललं जातं. सुई काढल्यावर हात दुमडू नका, सरळ ठेवून कापूस दाबून धरा. दुमडल्याने शिरेचं भोक तिरकं उघडं राहतं आणि काळं-निळं होतं. तसं झालंच तर पहिल्या दिवशी बर्फाने शेका. निदान पंधरा मिनिटं तिथेच बसा, आणि पुढच्या खेपेला गाडी दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्या. घाम सुटला, जांभया येऊ लागल्या, कानात गुंई वाजू लागलं की लाजू नका, आहात तिथेच आडवे व्हा आणि पाय वर करा. त्या दिवशी त्या हाताने जड उचलू नये, जिमला जाऊ नये.

प्रश्न : बीपीची गोळी चालू आहे, मुलाला मधुमेह आहे, पुतण्याने टॅटू काढलाय. कोण रक्त देऊ शकतो? (एक वाचक, लातूर)

बीपी गोळीने १४०/९० च्या आत असेल, हृदय-मूत्रपिंडावर परिणाम नसेल आणि गोळी किंवा तिचं प्रमाण गेल्या २८ दिवसांत बदललं नसेल तर तुम्ही देऊ शकता. वयाची मर्यादा १८ ते ६५. मात्र पहिल्यांदाच देणाऱ्याने साठीच्या आत सुरुवात करावी. मुलाचा मधुमेह पथ्याने किंवा गोळ्यांनी आटोक्यात असेल, चार आठवड्यांत गोळी बदलली नसेल तर चालेल. इन्सुलिन घेत असेल तर नाही. पुतण्याने टॅटूनंतर वर्षभर थांबावं. मलेरिया बरा झाल्यावर ३ महिने, डेंग्यूनंतर ६ महिने, दात काढल्यावर ६ महिने. कुत्रा चावून लस घेतली असेल तर एक वर्ष. ब किंवा क प्रकारची कावीळ होऊन गेलेल्याने कधीच देऊ नये.

एचआयव्हीची तपासणी फुकटात होईल म्हणून मात्र कोणीही रक्तदानाला येऊ नये. लागण नवी असताना काही दिवस चाचणीत ती दिसत नाही, आणि तीच पिशवी कोणाला तरी चढते. सरकारी रुग्णालयांतल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात ही तपासणी मोफत आणि गुप्तपणे होते.

प्रश्न : आम्ही रक्त फुकट देतो, मग रुग्णाकडून पैसे का? आणि ‘आधी नातेवाइकाचं रक्त आणा’ असं का सांगतात? (एक वाचक, पुणे)

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देणं बंद आहे. रुग्णाकडून घेतात ते प्रक्रियेचं शुल्क : पिशवी, एचआयव्ही, दोन प्रकारच्या काविळी, गुप्तरोग आणि मलेरिया यांच्या चाचण्या, घटक वेगळे करणं, साठवण, जुळणी. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद त्याची कमाल मर्यादा ठरवते. पावती मागा. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल यांच्या रुग्णांना रक्त मोफत द्यायचं असतं. आजाराचं कार्ड जवळ ठेवा.

बदली दात्याची सक्ती करणं चुकीचं आहे. घाबरलेला नातेवाईक आपले आजार सांगत नाही, आणि ज्याला कोणी नाही तो अडतो. शिवाय आई-वडील, मुलं, सख्खी भावंडं यांचं रक्त विकिरणाची, म्हणजे किरणांचा मारा करून पांढऱ्या पेशी निकामी करण्याची, प्रक्रिया न करता चढवलं तर, क्वचित का होईना, त्यातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच उलटतात आणि ते बहुधा प्राणघातक ठरतं. त्यापेक्षा नातेवाइकांनी त्यांना शक्य असेल त्या दिवशी स्वेच्छेने, कोणाच्याही नावाने नाही, असं रक्त द्यावं.

प्रश्न : माझा गट ओ निगेटिव्ह आहे. दर शिबिरात द्यावं का? आणि ‘बॉम्बे’ गट म्हणजे काय? (एक वाचक, ठाणे)

दर शिबिरात देऊ नका. निगेटिव्ह गट आपल्याकडे फार थोड्यांचे असतात. तुम्ही शिबिरात देऊन ती पिशवी मुदत संपून गेली, आणि पुढच्याच आठवड्यात कोणाला गरज पडली तर तुमचे ९० दिवस भरलेले नसतील. जवळच्या दोन रक्तपेढ्यांत नाव, गट आणि चालू नंबर नोंदवा, आणि बोलावणं आलं की जा.

बॉम्बे गट १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधला. या लोकांच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ हा घटकच नसतो, म्हणून नेहमीच्या चाचणीत ते ओ म्हणून नोंदले जातात. पण ओ गटाचं रक्त चढवलं तर त्यांचं शरीर ते फोडून टाकतं. त्यांना बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. ओ गटाच्या रुग्णाला कोणतीच ओ पिशवी जुळत नसेल तर हीच शंका घेऊन ‘एच’ची चाचणी करायला सांगावी.

प्रश्न : मी एसटीत चालक आहे. आठवड्याची सुट्टी एकच. रक्त कधी द्यावं? (एक वाचक, बीड)

लांब पल्ल्याच्या चालकाने पुढच्या ड्यूटीच्या निदान २४ तास आधी रक्त द्यायचं, असा नियम आहे, आणि तो तुमच्याबरोबरच गाडीतल्या प्रवाशांसाठीही आहे. सुट्टी रविवारी असेल आणि सोमवारी पहाटे पाचची फेरी असेल तर रविवारी सकाळी दिलेलं चालणार नाही. ज्या आठवड्यात सोमवारी दुपारची ड्यूटी लागते तो आठवडा निवडा, शनिवारी रात्री लवकर झोपा आणि रविवारी नाश्ता करून नऊ-दहाच्या सुमाराला रक्तपेढीत जा. शिबिराची वाट पाहायची गरज नाही. ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर जिल्ह्यातल्या रक्तपेढ्या आणि त्यांच्याकडचा साठा दिसतो. आधार कार्ड न्या, आणि आधी फोन करून रविवारी दात्यांसाठी किती ते किती वेळ उघडं असतं ते विचारून घ्या.