घराच्या भालींसाठी साग परवडत नाही. दुसरं कोणतं लाकूड चालेल?

कोकणातलं जुनं कौलारू घर, गाळा, म्हणजे दोन भिंतींमधलं अंतर, १२ फुटांचा, भाली (भिंतींवर टेकलेल्या, भार पेलणाऱ्या आडव्या तुळया) बदलायच्या आहेत आणि सागाचा भाव ऐकून हबकलात, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते भालीला साग लागतच नाही. ऐनाच्या झाडाचं लाकूड घ्या, नाहीतर किंजळाचं. साग दारं-खिडक्यांसाठी ठेवा, कारण तो ऊन-पावसात फारसा वाकत-फुगत नाही.

मी स्वतः सागाच्या नावाला भुललो होतो. वखारीतून आणलेल्या भाली कोवळ्या झाडाच्या होत्या, कडेला दोन-दोन बोटं पांढरं लाकूड. चौथ्या वर्षी ओटीवर पीठ सांडल्यासारखा भुसा दिसायला लागला. किड्यांनी पांढरं तेवढं पोखरलं होतं, आतला तपकिरी गाभा शाबूत. म्हणून आडव्या कापलेल्या तोंडाकडे आधी बघा. झाड कुठलंही असो, पांढरं लाकूड टिकत नाही.

ऐन वजनदार. ४ बाय ६ इंची, १२ फुटी भाल म्हणजे २ घनफूट. सागाची साधारण ३७ किलो भरते, ऐनाची ५० च्या घरात. खिळा सरळ ठोकलात तर वाकतो, आधी भोक पाडावं लागतं. खरी खोड मात्र वाळताना तडकण्याची. कापल्यावर लगेच दोन्ही तोंडांना ऑइलपेंट फासा, मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा आणि निदान एक वर्ष हात लावू नका. उन्हात टाकलेला ऐन हमखास फाटतो.

भाल उभीच बसवा, म्हणजे ६ इंची बाजू उभी आणि ४ इंची खाली. तीच ४ बाय ६ ची भाल आडवी ठेवलीत तर सव्वादोनपट जास्त वाकेल. सुतार घाईत असला की हे राहून जातं, तुम्ही समोर उभे राहा.

आंबा स्वस्त मिळेल, पण भालीला नको. कीड आणि वाळवी दोन्ही लागतात. फणस खांबांना छान.

स्वतःच्या जागेतलं झाड असलं तरी साग, ऐन, किंजळ, फणस तोडायला वनखात्याची परवानगी लागते, १९६४ पासून तसा कायदा आहे.

नवं लाकूड घेण्याआधी वाडीत कुणी जुनं घर उतरवतंय का ते विचारा. तिथल्या भाली पन्नास-साठ वर्षं वाळलेल्या असतात. भिंतीत गाडलेल्या टोकाला टोचा खुपसून बघा. कुजलं असेल तर तिथेच. टोचा रुतला तर तेवढं टोक कापून टाका, आणि बसवताना सिमेंटने लिंपू नका, बाजूला बोटभर हवा राहू द्या.