वाचक विचारतात : पडद्यावरचा प्रचार

निक्सन घामामुळे हरले, असं वर्गात सांगितलं जातं. खरंच एका चर्चेने निवडणूक फिरते का?
— राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, डेक्कन

घाम खरा होता, पण निकाल त्याच्यावर ढकलणं सोपं आहे म्हणून ढकलला जातो. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोच्या स्टुडिओत अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन टीव्हीवरच्या चर्चेसाठी समोरासमोर आले. निक्सन गुडघ्याच्या संसर्गामुळे रुग्णालयात राहून आलेले, वजन उतरलेलं. नीट मेकअप करून घ्यायला त्यांनी नकार दिला आणि दाढीची खुंटं झाकायला नुसती पावडर लावली. त्यात फिका करडा सूट. कृष्णधवल पडद्यावर तो मागच्या पडद्यात विरघळून गेला. केनेडींचा गडद सूट उठून दिसला आणि ते बोलत होते थेट कॅमेऱ्याशी, म्हणजे घरात बसलेल्या माणसाशी.

‘रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले’ हे वाक्य मात्र परीक्षेत जपून लिहा. त्याचा आधार एका पाहणीतला रेडिओ श्रोत्यांचा अगदी छोटा नमुना आहे. एकूण सुमारे पावणेसात कोटी मतांत फरक पडला जेमतेम सव्वा लाखाच्या आतला. एवढ्या फरकाला कोणतंही कारण चिकटवता येतं.

आमच्या मते खरी सुरुवात १९५२ची. त्या वर्षीचे अध्यक्षपदाचे उमेदवार आयझेनहॉवर यांच्या वीस सेकंदांच्या जाहिरातींत सामान्य नागरिक प्रश्न विचारतो आणि उमेदवार उत्तर देतो. प्रत्यक्षात उत्तरं आधी एका दिवसात चित्रित केली होती. प्रश्न विचारणारे लोक नंतर शोधले आणि दोन्ही तुकडे जोडले. प्रचारात संकलनाची कात्री आली ती इथून.

पूर्वी शनिवारवाड्यावर अत्रे, एसेम यांची भाषणं मनसोक्त चालायची. आताचे नेते एकच वाक्य दोनदा म्हणतात, मध्येच थांबतात. वक्तृत्व संपलं का?
— जुने श्रोते, सदाशिव पेठ

संपलं नाही, मैदानातून बातमीपत्रात गेलं. अमेरिकेतल्या अभ्यासांनुसार १९६८मध्ये संध्याकाळच्या बातम्यांत उमेदवाराचा सलग आवाज सरासरी ४३ सेकंद ऐकू यायचा. १९८८मध्ये तो नऊ-दहा सेकंदांवर आला. आपल्याकडचा ‘बाईट’ही त्याच मापाचा. थांबून वाक्य टाकलं की संकलकाला ते दोन्ही बाजूंनी स्वच्छ कापता येतं. टाळ्या वाक्याच्या शेपटीवर चढल्या तर बाईट वाया जातो, म्हणून ते पुन्हा म्हणायचं. अत्र्यांची कोटी पाच मिनिटांच्या बांधणीवर उभी असायची; मधलंच वाक्य उचललं तर हसू येणार नाही.

मैदानाची मांडणीही त्यामुळे बदलली. पुढच्या सभेला जाल तेव्हा मंचासमोरचा कॅमेऱ्यांचा चौथरा पाहा. त्याची उंची अशी ठेवतात की कॅमेऱ्याची भिंग वक्त्याच्या डोळ्यांच्या रेषेत येईल. चौथरा बुटका झाला की पहिल्या रांगांतले हात आणि झेंडेच दिसतात. मंचाच्या पाठीशी मावळतीचा सूर्य आला तर चेहरा काळा पडतो, समोर आला तर नेता डोळे किलकिले करतो. म्हणून सहसा वक्त्याचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला येईल असा मंच लावलेला बरा. आवाज थेट मिक्सरमधून एका पेटीत नेऊन तिथून सगळ्या वाहिन्यांना जोडण्या देतात. ही पेटी नसली तर पत्रकार भोंग्यासमोर बूम, म्हणजे हातातला माईक, धरतात आणि घुमणारा आवाज घरोघरी जातो.

मोठे पक्ष आता स्वतःच्याच कॅमेऱ्यांचं चित्रण वाहिन्यांना फुकट देतात. वाहिनीचा ओबी व्हॅनचा, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाडीचा, खर्च वाचतो आणि रिकाम्या खुर्च्या कधीच दिसत नाहीत. स. प. महाविद्यालयाच्या मोठ्या मैदानावर अर्धी गर्दी जमवण्यापेक्षा छोटं मैदान गच्च भरणं म्हणूनच परवडतं.

अर्थात सगळं ठरवून होत नाही. १८ ऑक्टोबर २०१९ला साताऱ्यात शरद पवार पावसात भिजत बोलले. मतदान २१ला होतं. लोकसभेला उमेदवार निवडण्यात चूक झाली, अशी कबुली त्यांनी त्या भाषणात दिली होती, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते चित्र.

मामा विधानसभेला उभे राहिले तर स्थानिक केबलवर जाहिरात द्यायची आहे. परवानगी लागते का?
— भाचा आणि प्रचारप्रमुख, कोथरूड

लागते. केबल नियमांत राजकीय जाहिरातींना मनाईच होती. २००४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पूर्वप्रमाणनाच्या, म्हणजे जाहिरात आधी तपासून प्रमाणपत्र घेण्याच्या, अटीवर वाट मोकळी झाली. जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज द्या. मान्यताप्राप्त पक्ष किंवा उमेदवार यांच्याशिवाय कुणी अर्ज करत असेल, तर सात दिवस आधी. सोबत जाहिरातीच्या दोन प्रती, साक्षांकित संहिता, निर्मितीखर्च आणि किती वेळा, कोणत्या दराने दाखवणार याचा तपशील. पैसे चेक किंवा डिमांड ड्राफ्टने देण्याचं हमीपत्रही लागतं.

अर्ज अडकतो तो बहुधा संहितेत. पडद्यावर उमटणारी अक्षरं आणि गाण्याचे बोलही तिच्यात लिहा. प्रमाणपत्र मिळालं ते त्याच फितीला. नंतर एक घोषणा बदलली तरी पुन्हा अर्ज. सैनिकांची छायाचित्रं घालू नका. सगळा खर्च मामांच्या ४० लाखांच्या मर्यादेत धरला जातो. मित्रमंडळाने हौसेने परस्पर जाहिरात दिली, तर तो वेगळा गुन्हा होतो.

आणि एक न विचारलेला सल्ला : राज्यभर दिसणाऱ्या वाहिनीच्या फंदात पडू नका. कोथरूडच्या मतासाठी नांदेडच्या प्रेक्षकाचे पैसे कशाला भरायचे?

प्रचार थांबल्यावरही नेत्यांच्या सभा टीव्हीवर थेट दिसतात. हे कसं चालतं?
— गृहिणी, हडपसर

मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास त्या मतदारसंघात टीव्हीवरून निवडणूक प्रचार दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ने बंदी आहे. पण मतदान टप्प्यांत होतं. २०२४ला पुण्याचं मतदान १३ मे रोजी, चौथ्या टप्प्यात होतं आणि पुढे आणखी तीन टप्पे बाकी होते. तिथली सभा कायदेशीर, आणि तिचं प्रक्षेपण हडपसरच्या दिवाणखान्यातही पोचतं. कायदा मतदारसंघाच्या सीमा पाहतो, उपग्रह पाहत नाही. एकाच दिवशी सगळीकडे मतदान असलं की ही पळवाट आपोआप बुजते.

दूरदर्शनवर पक्षांची भाषणं अजून असतात का?
— निवृत्त शिक्षक, नाना पेठ

असतात. मान्यताप्राप्त पक्षांना फुकट वेळ मिळतो : ठरावीक समान वेळ आणि वर मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या प्रमाणात जादा. एका पक्षाला एका वेळच्या प्रक्षेपणात १५ मिनिटांची मर्यादा असते आणि दिवस-वेळ सोडतीने ठरते. भाषण आधी लेखी द्यावं लागतं आणि कुणाचं नाव घेऊन टीका चालत नाही. २०२४मध्ये माकपचे नेते सीताराम येचुरी यांच्या भाषणातले काही शब्द गाळायला लावले होते.