टोल्युईनमध्ये साठवलेला हायड्रोजन परत काढायला नॅनो उत्प्रेरकच का लागतो?

टोल्युईन या द्रवात हायड्रोजन भरणं त्यामानाने सोपं. कस लागतो तो काढताना. टोल्युईनच्या एका रेणूला हायड्रोजनचे तीन रेणू जोडले की मिथाइलसायक्लोहेक्झेन तयार होतं. वजनाच्या सुमारे ६ टक्के हायड्रोजन, तोही साध्या टाकीत राहणाऱ्या द्रवात! परत सोडवायला मात्र ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान आणि उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, म्हणून प्लॅटिनम लागतं. अभिक्रिया घडते फक्त पृष्ठभागावर, आणि प्लॅटिनम प्रचंड महाग. म्हणून ॲल्युमिनावर (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडवर) त्याचे एखाद-दोन नॅनोमीटरचे कण पसरवतात. मग बहुतेक अणू कामाला येतात. पण तापून हे कण एकमेकांना चिकटतात, वर कार्बनचा थर बसतो. माझ्या मते खरं आव्हान हेच. जपानच्या चियोदा कंपनीने गंधक वापरून असा उत्प्रेरक टिकाऊ केला आणि २०२० मध्ये ब्रुनेईहून याच द्रवातून आणलेला हायड्रोजन जपानच्या कावासाकी शहरात वापरला गेला.