नगाचा दोष की साच्याचा?

खेळण्यांचं कपाट : वाचकांचे प्रश्न

या खेपेला पंधरा-सोळा पत्रं आली. त्यातली पाच घेते आहे, बाकीच्यांना पुढच्या अंकात उत्तर देईन. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी २७ वर्षं गोरेगावच्या एका प्लॅस्टिक कारखान्यात माल तपासायच्या टेबलावर होते. आधी बादल्यांची झाकणं आणि डब्यांच्या कड्या, नंतर खेळण्यांचे सुटे भाग. अ‍ॅक्शन फिगर, म्हणजे हातपाय सांध्यांतून वळवता येतात असे हिरोंचे प्लॅस्टिकचे पुतळे, जमवायला लागले ती मुलाबरोबर, त्याच्या चौथीच्या सुट्टीत. तो आता पुण्याला असतो. कपाट भांडुपला माझ्याकडेच राहिलं आणि भरतही गेलं.

मावशी, मी अकरावीत आहे. सहा इंची सुपरहिरो जमवतो, आत्तापर्यंत ११ झालेत. मला मराठीतून त्यांचे रिव्ह्यू करायचेत. पण मोबाइल समोर लावला की 'फिनिशिंग एक नंबर' याच्यापुढे काही सुचत नाही. काय बघायचं आणि काय बोलायचं? – अ. ज., डोंबिवली

अरे, तुझं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. मराठीत हे कुणीतरी नीट करायला हवंच आहे.

सुरुवात फूटपट्टीने कर. सहा इंची म्हणजे १:१२ प्रमाण, सहा फुटी माणूस सहा इंचांचा. पण सगळ्या कंपन्या या मापाने जात नाहीत. मॅकफार्लेन कंपनीच्या डीसी कॉमिक्सच्या फिगर सात इंची असतात. तुझ्या मार्व्हल लेजंड्स या सहा इंची मालिकेतल्या कॅप्टन अमेरिकाशेजारी त्यांचा बॅटमन उभा केलास तर कॅप्टन जेमतेम त्याच्या हनुवटीला लागतो. खोक्यावरचा फोटो बघून हे कळत नाही आणि घेणाऱ्याचा हमखास इथेच विरस होतो. म्हणून उंची मिलिमीटरमध्ये सांग आणि शेजारी एखादी ओळखीची फिगर उभी करून दाखव.

मग सांधे. कोपर काटकोनाच्या पुढे जातं का, टाच मांडीला लागेपर्यंत गुडघा दुमडतो का, मान वर होते का (उडणाऱ्या हिरोची मान वर झाली नाही तर तो उडताना जमिनीकडेच बघत राहतो), घोट्यातून पाऊल आडवं झुकतं का. घोटा झुकला नाही की पाय फाकवल्यावर फिगर तळव्यांच्या कडांवर उभी राहते आणि सकाळी फळीवर आडवी सापडते. नवी फिगर काढल्या काढल्या सांधा वळत नसेल तर जोर लावू नकोस. पुष्कळदा रंगाने तो चिकटलेला असतो. हाताला सोसेल त्याहून थोडं गरम पाणी वाटीत घे, अर्धा मिनिट सांधा बुडव, मग हलक्या हाताने मागेपुढे कर. वळवताना खुंटीवर पांढुरकी रेघ उमटली तर तिथेच थांब. प्लॅस्टिक ताणलं जातंय, पुढच्या झटक्याला तुटणार.

डोळे भिंगातून बघ. जुन्या पद्धतीत सिलिकॉनच्या मऊ उशीने एकेक रंग छापतात, त्याला टॅम्पो म्हणतात. बुबुळाचा ठसा केसभर सरकला तरी चेहरा तिरळा दिसतो. हल्ली बऱ्याच कंपन्या चेहरा डिजिटल छापतात, तिथे भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात.

आता खरं महत्त्वाचं. दोन वर्षांपूर्वी मी २८०० रुपयांची एक फिगर मागवली. उभीच राहीना. डावा गुडघा भलतीकडे वाकत होता. उलटून बघितलं तर दोन्ही मांड्या उजव्या. जोडणाऱ्या बाईच्या हाताला चुकीच्या पेटीतला भाग लागला आणि पुढे तपासणीत कुणी अडवला नाही. दुकानाने 'खोका उघडलाय' म्हणून परत घेतली नाही. पैसे गेले ते गेलेच, पण मला जास्त लागलं ते हे की असा नग आमच्या टेबलावरून पुढे गेला असता तर मला रात्री झोप लागली नसती.

तरीसुद्धा मी त्या फिगरला वाईट म्हणणार नाही. तो नगाचा दोष होता. दुसऱ्याने घेतलेली नीट असणार, आणि होतीही. याउलट कोपर ७० अंशांतच अडकत असेल तर तो साच्याचा दोष, तो त्या फिगरच्या प्रत्येक नगात येणार. तिरळे डोळे नगाचे, चुकीचा चेहरा साच्याचा. रंग ओघळला तो नगाचा, खांद्यावरची जोडरेघ उघडी पडली ती साच्याची. रिव्ह्यू करणाऱ्याने हे दोन वेगळे करून सांगितले तरच ऐकणाऱ्याला घ्यायचं की नाही ते ठरवता येतं. यासाठी एक नग पुरत नाही. मित्राकडचा बघ, दुकानात खोक्यांच्या खिडकीतून आणखी चार चेहरे बघ आणि किती नग बघितले तेही मोकळेपणाने सांग.

किंमत रुपयांत सांग. डॉलरमधली किंमत आपल्या माणसाच्या काही कामाची नाही. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. तिकडे स्वस्त आणि मस्त म्हटलेली फिगर इथे त्या भावात पडत नाही, मग तिचं मोजमापही वेगळंच व्हायला हवं. शिवाय महिन्याभराने तीच फिगर पुन्हा हातात घे आणि सांधे सैल पडले का ते सांग. हे कुणी करत नाही. तू कर.

क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत ४५० रुपयांना स्पायडरमॅन मिळाला. दुकानदार म्हणतो 'फर्स्ट कॉपी'. माझ्या अस्सल फिगरशेजारी ठेवला तर किंचित बुटका वाटतो. हा भास आहे का? – एक वाचक, माझगाव

भास नाही, तुमची नजर चांगली आहे. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात थंड होताना आकसतं. एबीएस हे कडक प्लॅस्टिक साधारण अर्धा टक्का, मऊ पीव्हीसी त्याहून जास्त. मूळ कंपनी हे धरूनच साचा मोठा करते. नक्कल करणारा पुष्कळदा तयार फिगरवरूनच साचा घेतो, मग माल दुसऱ्यांदा आकसतो. सहा इंचांत मिलिमीटर-दीड मिलिमीटर सहज जातो. आणि त्याबरोबर छातीवरच्या जाळीच्या रेघा, बोटांमधल्या फटी, ओठांची कड, सगळं बोथट होतं. व्हर्निअर कॅलिपर असेल तर डोक्याची रुंदी मोजून बघा.

पाठीवर किंवा तळपायावर बारीक अक्षरांत कंपनीचं नाव नि साल असतं, ते नकलेत पुसट असतं किंवा खरवडलेलं. ते साल कॉपीराइटचं असतं, फिगर त्या वर्षी बनली असा त्याचा अर्थ नाही. चोरबाजारात 'बघा, १९८४ लिहिलंय' असं कुणी म्हणालं तर हे लक्षात असू द्या. आणि उग्र वास येणारी नक्कल लहान मुलाच्या हाती देऊ नका. १ जानेवारी २०२१ पासून मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, या मालावर तो नसतो.

मुलगा २६ वर्षांचा, अंधेरीला नोकरी. गेल्या महिन्यात ३१ हजारांची बाहुली घेतली. हे म्हणतात, त्याला वेड लागलंय. मी काय समजू? – एक आई, वसई

ताई, वेड नाही. ती बहुधा बारा इंची, म्हणजे १:६ मापाची असणार. अशा फिगरला खरे शिवलेले कपडे असतात, अंगात वीस-पंचवीस तरी सांधे, चेहऱ्यावर रंगाचे कितीतरी हात. हाँगकाँगची हॉट टॉइज २००० सालापासून हेच काम करते, आणि त्यातली मेहनत मला दिसते. बाहुली म्हटलेलं त्याला कदाचित लागेल. हासब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीने १९६४ साली जी. आय. जो हा सैनिक काढला तेव्हा मुलगे बाहुली घेणार नाहीत म्हणूनच 'अ‍ॅक्शन फिगर' हा शब्द आणला.

पण त्याला दोन गोष्टी मात्र विचारा. हप्त्यावर घेतली का? या फिगर महिनोन्‌महिने आधी बुक कराव्या लागतात, असे तीन-चार हप्ते एकदम अंगावर आले की पगार पुरत नाही. आणि 'पुढे किंमत वाढेल' असं तो म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नका. आवडते म्हणून घेतली असेल तर ठीक, गुंतवणूक म्हणून घेतली असेल तर चूक. बाकी एकदा त्याच्या खोलीत जाऊन 'दाखव बघू' म्हणा. तो तासभर बोलेल.

माळ्यावर लहानपणचे नऊ जी. आय. जो सापडले, फनस्कूलचे. उचलले तर पाचांचे पाय कमरेतून गळून पडले. टाकून देऊ का? यांना किंमत येते असं ऐकलं. – वि. पा., लालबाग

टाकू नका हो! काही मोडलेलं नाही. त्यांच्या पोटात रबराची रिंग असते, ती कुजली एवढंच.

फनस्कूल १९८७ साली सुरू झाली आणि हासब्रोच्या साच्यांतून तिने आपल्याकडे हे पावणेचार इंची जो काढले. साचे तेच, पण रंग पुष्कळदा निराळे. अमेरिकेत हिरवा असलेला गडी इथे भलत्याच रंगात आला. त्या रंगांसाठीच परदेशातले संग्राहक आज आपले जो शोधतात. म्हणून त्यांना नव्याने रंग मात्र देऊ नका, ओरखडे असले तरी.

रिंग घरीच बसते. पाठीवर मधोमध एक स्क्रू दिसेल. घड्याळजीकडे असतो तसला लहान फुलीचा पेचकस घ्या, खाली पांढरं फडकं अंथरा. स्क्रूवर आधी पेचकस घट्ट दाबा आणि मग फिरवा, नाहीतर फुली झिजते. पाठ उचलली की हात, डोकं, छाती सगळं सुटं होतं, तेव्हा उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आत जुनी रिंग डांबरासारखी चिकटलेली असेल किंवा तिचे तुकडे. दातकोरणीने खरवडा. दोन पायांच्या मध्ये धातूचा आकडा आहे, त्यात नवी रिंग अडकवायची, कमरेच्या तुकड्यातून वर ओढायची आणि छातीतल्या खुंटीला लावायची. हात आणि डोकं जागेवर ठेवून पाठ मिटा. स्क्रू लागला की थांबा, आवळत बसू नका, आतला आटा प्लॅस्टिकचा आहे.

रिंगसाठी जुन्यातली एखादी अखंड असेल ती घेऊन हार्डवेअरच्या किंवा बेअरिंग-ऑइल सीलच्या दुकानात जा आणि 'याच मापाची ओ-रिंग' म्हणून मागा. मी गेल्या वर्षी एकदम दोन डझन आणल्या. जाड घेऊ नका, कंबर वळत नाही. बारीक घेतली तर पाय लोंबतात.

पहिला जो मी असा जोडला तेव्हा तो उभा राहिला आणि कंबर हलकेच मागे फिरून जागेवर आली, रबराच्या ताणाने. ती हालचाल आजच्या सहा इंची फिगरमध्ये नाही. तुम्ही नऊच्या नऊ उभे करा, मग विकायचे की नाही ते ठरवा. मला विचाराल तर तीन विका आणि सहा ठेवा.

पावसाळा आला की माझ्या फिगर चिकट होतात. कपाट बंद असतं, आत डांबरगोळ्याही ठेवते. तरी असं का? – सु. को., वर्सोवा

हा दोष नगाचा नाही आणि साच्याचाही नाही, मालाचा आहे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळतात, ते वर्षांनुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येतं. कपाट घट्ट बंद असेल तर ते उडून जात नाही, तिथेच बसतं. खोक्यात सीलबंद ठेवलेल्या फिगरही याचमुळे चिकटतात. खोका उघडायचा की नाही हे दर महिन्याला कुणीतरी विचारतं, माझं उत्तर उघडा हेच आहे, आणि त्याचं हे एक कारण.

कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, मग पंख्याखाली पूर्ण वाळवा. थिनर किंवा नेलपेंट काढायचं पाणी लावू नका, एबीएस विरघळतं. मऊ केप किंवा बूट दुसऱ्या फिगरच्या कडक प्लॅस्टिकला टेकवून ठेवू नका, तिथे खड्डा पडतो. आठवड्यातून दोनदा कपाटाचं दार तासभर उघडं ठेवा, पण पश्चिमेचं ऊन थेट येऊ देऊ नका, पांढरे भाग पिवळे पडतात. ओलीसाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

आणि डांबरगोळ्या आजच काढा. काही प्लॅस्टिकांना, विशेषतः पॉलिस्टायरीनला, त्यांची वाफ मऊ करते.