नव्या आशाताईंसाठी: बाळंतिणीच्या ताटाविषयी

ताई, बाळंतिणीने काय खावे हे सांगण्यापूर्वी तिच्या ताटात काय पडावे हे घरात कोण ठरवते, ते पाहून घ्यावे. पहिल्या ४२ दिवसांच्या गृहभेटींत सासूबाईंना वगळून केवळ सुनेशी बोललात, तर तुमचा सल्ला स्वयंपाकघरापर्यंत पोहोचणार नाही. डाळी वातूळ आणि केळे थंड म्हणून वर्ज्य करणाऱ्या घराशी वाद घालू नये. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी आणि अळिवाची खीर यांचे मनापासून कौतुक करावे आणि मग मुगाचे पातळ वरण सुचवावे, कारण मूग पचायला हलका हे त्यांनाही मान्य असते.

ऊसतोडीच्या कोपीवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर, मात्र डिंकाच्या लाडवांचा उपदेश मला निर्दयपणाचा वाटतो. तेथे शेंगदाणे, गूळ आणि जमल्यास अंडे एवढेच सांगावे. मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्यासाठीचे ५००० रुपये बहुधा उधारी फेडण्यातच जातात. आदिवासी भागात अमृत आहार योजनेचे गरम जेवण तिला अंगणवाडीतच जेवू द्यावे, कारण घरी नेलेल्या डब्याला वाटेकरी फार. सर्वांच्या मागून जेवताना तिच्यासाठी किती उरते, हे मात्र तिला एकटीला गाठूनच विचारावे.