वाचकांचे प्रश्न : श्वास आधी बघायचा, मग बदलायचा

ठाणे आणि नवी मुंबईतून या वेळी आलेली बरीच पत्रं श्वास, शवासन आणि मनाची ताकद या विषयांवरची आहेत. काहींनी पुष्कळ करून पाहिलंय आणि मध्येच अडलेत, काहींना सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी घणसोलीत राहते, आयटीत काम करते. वय ३४. 'श्वासाकडे नुसतं बघा' असं सगळे सांगतात. पण मी बघायला बसले की श्वास अडखळतो, पुरेसा आलाच नाही असं वाटतं. मग जोरात ओढते आणि छातीत कोंडल्यासारखं होतं. एरवी दिवसभर काही होत नाही. मला हे जमणारच नाही का?

उत्तर : जमेल. सुरुवातीला हे खूप जणांना होतं. श्वास आपोआप चालतो, आणि मनात आणलं तर आपल्या हुकमानेही चालतो. हृदयाचं किंवा आतड्याचं तसं नाही. त्यामुळे लक्ष गेलं की नकळत आपण कारभार हातात घेतो आणि बघणं राहून जातं. म्हणून काही दिवस श्वासाकडे थेट बघूच नका. श्वासामुळे अंगात काय हलतं, ते बघा.

त्यासाठी मकरासन घ्या. जमिनीवर सतरंजी अंथरा; गादी नको, ती दबते आणि पोटाची हालचाल कळत नाही. पालथं झोपा, हात दुमडून एकावर एक ठेवा आणि त्यावर कपाळ टेका. पाय फाकलेले, टाचा आत, चवडे बाहेर. आता पोट जमिनीला कधी जास्त दाबलं जातं आणि कधी कमी, एवढंच बघायचं. श्वास आत येताना छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, म्हणजे श्वासपटल, खाली सरकतं. त्याने पोट पुढे यायला बघतं. खाली जमीन असल्यामुळे तो दाब न शोधता लागतो. ३ मिनिटांचा गजर लावा. आठवडाभर रोज एवढंच, यात काही वाढवू नका.

दुसऱ्या आठवड्यात पाठीवर झोपा, गुडघे दुमडून तळपाय जमिनीला टेकवा आणि बेंबीवर एक किलो तांदळाची पिशवी ठेवा. पिशवी वर येते, खाली जाते. ती उचलायची नाही, तिचं उचललं जाणं बघायचं. अवघडल्यासारखं वाटलं तर काढून ठेवा. एक गोष्ट मात्र आधी तपासा : रात्री कपडे बदलताना कमरेवर सलवारीच्या नाडीचा किंवा जीन्सच्या पट्ट्याचा लाल वळ दिसतो का? दिसत असेल तर दिवसभर पोटाला पुढे यायला जागाच नव्हती, सगळा श्वास छातीच्या वरच्या भागात चालला होता. बोटभर सैल बांधा. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

'पुरेसा आला नाही' ही भावना बऱ्याचदा फसवी असते. श्वास घेण्याची ओढ मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर ठरते, ऑक्सिजन कमी पडलाय म्हणून ती येते असं सहसा नसतं. तेव्हा अशा वेळी आणखी ओढू नका. उलट, सावकाश सोडा आणि पुढचा श्वास स्वतःहून येईपर्यंत थांबा. तो येतोच. हा अनुभव चार-पाचदा आला की भीती जाते.

पंधरा दिवसांनी हेच दिवसभरात शोधा. घरी सुईत दोरा ओवून बघा : दोरा आत जाईपर्यंत श्वास थांबलेला असतो. साहेबांचा मेल उघडताना, कुणी मागून हाक मारल्यावर, बिलाचा आकडा वाचताना तेच होतं. रोज असा थांबलेला श्वास तीनदा पकडा, आणि पकडल्यावर फक्त सोडा. आत्मभान म्हणजे इथे आम्हाला हेच अभिप्रेत आहे : धास्ती किंवा राग मनाला कळण्याआधी तो अंगात कुठे दिसला हे ओळखता येणं. श्वास बदलण्याची घाई करणारे नेमकी हीच पायरी गाळतात.

प्रश्न : ठाणे ते तुर्भे रोज गाडीने जातो. फार चिडचिड होते, कुणाचा धक्का लागला तरी डोकं भडकतं. आठ तास झोपूनही थकवा जात नाही. घरी वेळ मिळत नाही. गाडीत उभ्याने काही करता येईल का?

उत्तर : येईल. उभं राहणं हीच बैठक समजा. बॅग पुढे घ्या. दोन्ही पावलांत वीतभर अंतर ठेवा आणि भार तीन ठिकाणी वाटून द्या : अंगठ्याखालचा उंचवटा, करंगळीखालचा उंचवटा आणि टाच. गुडघे ताठ लावू नका, किंचित सैल ठेवा. ताठ असले की गाडीचा प्रत्येक हिसका थेट कमरेत जातो. आता वरच्या हँडलला धरलेल्या हाताकडे या. तोल सांभाळायला लागते त्याच्या दुप्पट ताकदीने आपण ते आवळलेलं असतं, आणि खांदा कानापर्यंत चढलेला असतो. पकड सोडू नका, फक्त गरजेपुरती ठेवा. खांदा आपोआप उतरतो.

मग तोंड मिटून नाकाने ४ आकड्यांत श्वास घ्या, ६ आकड्यांत सोडा. आकडा साधारण सेकंदाचा. एक आवर्तन १० सेकंदांचं, म्हणजे मिनिटाला ६ श्वास; एरवी आपले १२ ते २० असतात. अशी १० आवर्तनं दोन स्थानकांच्या मधल्या वेळात बसतात. दम लागल्यासारखं वाटलं तर ३ आणि ४ वर या. सगळ्यात जास्त चूक होते ती आत घेताना : लोक फुप्फुस काठोकाठ भरतात, मग सोडताना हवा ढकलावी लागते, गळा आवळतो. पोटात दोन घासांची जागा ठेवून जेवतो तसा श्वास घ्या.

सोडणं लांबवायचं का? श्वास घेताना हृदय जरा भरभर चालतं, सोडताना संथ होतं. व्हेगस नावाची नस हे काम करते. घरी बसून मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा आणि सावकाश सोडा : ठोक्यांमधलं अंतर वाढलेलं बऱ्याच जणांना बोटांना कळतं. दुसरं कारण निव्वळ हिशेबाचं आहे. प्रत्येक श्वासातली साधारण १५० मिली हवा नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते, कामी येत नाही. मिनिटाला ६ लिटर हवा २० उथळ श्वासांत घेतली तर ३ लिटर वाया जाते, तेवढीच १० श्वासांत घेतली तर दीड. मेहनत सारखीच दिसते, पण हाती येणारं वेगळं.

गाडीत डोळे मिटायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही, आणि दारात उभं राहून तर हे करायचंच नाही. दुचाकी चालवताना तर नाहीच. धक्का लागल्यावर मात्र एक करून बघा : बोलायच्या आधी एक श्वास पूर्ण सोडा. मग जे बोलायचं ते बोला, बोलू नका असं आम्ही म्हणत नाही.

थकव्याबद्दल वेगळं सांगायला हवं. आठ तास झोपूनही तो जात नसेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. तुम्ही घोरता का, झोपेत मध्येच श्वास थांबतो का, हे घरच्यांना विचारा. थांबत असेल तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका, कारण त्याला प्राणायाम हा उपाय नाही.

प्रश्न : वय ५२, कोलशेत, ठाणे. रक्तदाबाची गोळी चालू आहे. रोज सकाळी ५०० कपालभाती करतो, व्हिडिओ बघून शिकलो. हल्ली गरगरतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. आमच्या ग्रुपमध्ये सांगतात की ही शुद्धी आहे.

उत्तर : आजपासून थांबवा. ही शुद्धी नाही. भराभर हवा बाहेर टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं. मुंग्याही त्याच कारणाने येतात. शिवाय प्रत्येक झटक्याला पोटातला दाब वाढतो. म्हणून उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, काचबिंदू, फिट येण्याचा त्रास, गरोदरपण किंवा पोटाचं ताजं ऑपरेशन असेल तर ही क्रिया टाळायची असते. डॉक्टरांना हे लक्षण सांगा, रक्तदाब मोजून घ्या आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

हठयोगप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात कपालभाती प्राणायामात नाही, धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्याबरोबर षट्कर्मांत, म्हणजे शरीर साफ करायच्या सहा क्रियांत आहे. म्हणजे ती झाडलोट आहे, आणि झाडलोट कुणी ५०० वेळा करत नाही. निरोगी नवशिक्याने सेकंदाला एक या गतीने २० ते ३० झटके मारायचे आणि थांबायचं. बाहेर टाकणं पोटाने, आत येणं आपोआप. खांदे उडाले, चेहरा आक्रसला किंवा आत ओढताना आवाज आला, तर चुकतंय.

तुमच्यासाठी श्वास न रोखता अनुलोम-विलोम बरं. उजव्या हाताचा अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डाव्या. डावीने घ्या, उजवीने सोडा, उजवीने घ्या, डावीने सोडा. ५ मिनिटं पुरे. बोट हाडाच्या खाली, मऊ भागावर अलगद ठेवा. जोरात दाबलं की मधला पडदा वाकतो आणि दुसरी बाजूही अडते. एक नाकपुडी जड वाटली तर घाबरू नका, काही तासांनी बाजू बदलणं हा नाकाचा स्वभावच आहे. शिकायचं मात्र समोर बसून. घंटाळी मित्र मंडळ आणि अंबिका योग कुटीर या दोन्ही संस्था तुमच्या ठाण्यातच आहेत.

प्रश्न : आई ६८ वर्षांची, नेरूळला असते. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. तिने काय करावं?

उत्तर : लाकडी किंवा प्लास्टिकची, न डुगडुगणारी खुर्ची घ्या. सोफा नको, त्यात कंबर रुतते. त्या थोड्या पुढे सरकून बसल्या की तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर पायाखाली घडी घातलेली चादर किंवा पाट द्या. मग भ्रामरी. ओठ मिटलेले, दात एकमेकांना न लागलेले, नाकाने श्वास घेऊन सोडताना 'म'चा हलका, खालच्या पट्टीतला गुंजारव. एक बोट नाकाच्या हाडावर ठेवायला सांगा, थरथर लागली म्हणजे जमलं. नुसती गळ्यात लागत असेल तर आवाज चढलाय. ५ ते ७ आवर्तनं, मध्ये एक-एक साधा श्वास. कान गच्च बंद करायची गरज नाही, आणि कानाचा काही त्रास असेल तर हात लावूच नका. आवाज लांबवायची चुरस नको. श्वास संपायच्या जरा आधी थांबायचं.

प्रश्न : घोडबंदर रोडला राहतो. हिवाळ्यात पहाटे गच्चीवर प्राणायाम करावा की धूळ आत जाईल?

उत्तर : डिसेंबर-जानेवारीत पहाटे नको. थंडीत जमिनीलगतची हवा वर चढत नाही, धूर आणि धूळ खालीच साचते. घरात, रस्त्याकडची खिडकी लावून करा, किंवा उन्हं वर आल्यावर. हवा किती खराब आहे ते सांगणाऱ्या 'समीर' ॲपवर आकडा २०० च्या वर असेल त्या दिवशी गच्चीचा विचार सोडा.

प्रश्न : खारघरहून लिहिते. वर्गात शवासनात ताई एकेक अवयव सैल करायला सांगतात. छातीपाशी आलं की मला रडू फुटतं. बाकीचे शांत असतात. मन इतकं दुबळं आहे का माझं?

उत्तर : नाही. दिवसभर दात आवळून, पोट घट्ट धरून आपण कितीतरी गोष्टी रेटतो. अंग सैल सोडलं की ती पकड सुटते आणि मागचं वर येतं. दुबळेपणाचा यात काही संबंध नाही. पण प्रत्येक वेळी त्यात खोल शिरलंच पाहिजे असंही नाही, आणि हे आम्हाला आवर्जून सांगायचंय. ताकद म्हणजे किती सोसतो हे नाही; कुठे थांबायचं हे स्वतः ठरवता येणं, हीदेखील ताकदच आहे.

ताईंना वर्गाआधी सांगून ठेवा की तुम्ही डोळे उघडे ठेवाल. छातीपाशी आल्यावर लक्ष टाचांवर न्या : जमीन कडक आहे की गार, डावी टाच जास्त टेकते की उजवी. तरी दाटून आलं तर कुशीवर वळा, तळहात जमिनीवर दाबा आणि समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या. घरी ३ मिनिटांचंच शवासन करा, आणि फक्त पावलं व तळहात एवढ्याचंच. महिनाभराने गुडघे आणि कोपरं घ्या. छाती शेवटी, वाटलं तर.

रडून झाल्यावर हलकं वाटत असेल तर काळजी नको. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जुन्या एखाद्या प्रसंगाची चित्रं परत परत येत असतील, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर सराव बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, २४ तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : महापेला रात्रपाळी असते. सकाळी घरी येऊन झोपतो, दुपारी उठतो. ब्राह्ममुहूर्त मला मिळत नाही, मग उपयोग होईल का?

उत्तर : होईल. तुम्ही उठता तीच तुमची सकाळ. पोट रिकामं हवं : भरपेट जेवणानंतर ३ तास, चहानंतर अर्धा तास. उठल्यावर १० मिनिटं, आणि पाळीवरून आल्यावर झोपायच्या आधी ४ आकड्यांत श्वास घेऊन ६ आकड्यांत सोडायची १० आवर्तनं. येताना उन्हात गॉगल घाला आणि खोलीला जाड पडदे लावा, नाहीतर उजेडाने झोप उडते आणि दोष प्राणायामाला लागतो.