पायथन प्रोग्रॅम लॅपटॉपवर बरोबर चालतो, पण एनपीटेलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सेसच्या) असाइनमेंटमध्ये चूक दाखवतं. असं का?

बहुतेक तुम्ही input() च्या कंसात "संख्या टाका:" असं काहीतरी लिहिलंय. ते काढून टाका. ग्रेडर, म्हणजे आपोआप तपासणारा प्रोग्रॅम, तुमचा कोड वाचत बसत नाही. तो ठरलेलं इनपुट देतो आणि जे छापून येईल ते अपेक्षित उत्तराशी अक्षर न् अक्षर ताडून बघतो. त्याला 25 हवेत आणि तुमच्याकडून "संख्या टाका:25" जातं, मग चूकच. (माणूस तपासायला असता तर हसून सोडून दिलं असतं.) शेवटी एखादी स्पेस किंवा नवी ओळ जास्त झाली तर सहसा 'प्रेझेंटेशन एरर' दुर्लक्षून पास करतात, त्याची चिंता नको. पण 2.50 मागितलं असताना 2.5 छापलंत तर भरवसा नाही.

हे काढूनही अडलं, तर मात्र लॉजिकच गंडलंय असं समजा. आणि समोर दिसणाऱ्या पब्लिक टेस्ट केसेस (तपासणीसाठीचे ठरलेले इनपुट आणि त्यांची उत्तरं) पास झाल्या म्हणून निर्धास्त होऊ नका. गुण मुदत संपल्यावर, तुम्हाला न दिसणाऱ्या प्रायव्हेट केसेसवर ठरतात. शून्य, ऋण संख्या, एकाच घटकाची लिस्ट, सगळे आकडे सारखे असलेली लिस्ट, एवढं तरी स्वतः चालवून बघा.